पऱ्हाटीच्या राखेनं घासलेल्या प्लेटा

१४ जानेवारी १९६२, रविवार. वणी.

शाळेच्या प्रयोगशाळेतली ही वही अर्धी कोरी होती. हेडमास्तरांना विचारून घरी आणली. प्रयोगाची नोंद ठेवायची, एवढाच हेतू आहे. आणखी काही लिहिण्याचा विचार नाही.

नलूला जाऊन एकोणसाठ दिवस झाले.

संक्रांत आम्ही छप्पन साली धम्म घेतल्यापासून करत नाही. मामी, म्हणजे नलूची आई, माझ्या सासूबाई, सकाळी तीळ निवडायला बसल्या आणि थोड्या वेळाने उठून तीळ परत डब्यात ओतले.

प्रयोग असा. आमचा रेडिओ बॅटरीवर चालतो. मारेगावच्या शाळेत होतो तेव्हा तिथे वीज नव्हती, म्हणून तसा घेतला होता. इथे घरात वीज आहे, पण ती घराची वीज दोन्ही दिशांनी वाहते. बॅटरी भरायला एकाच दिशेने वाहणारी लागते. ऑक्टोबरच्या शेवटी बॅटरी उतरली. गावातल्या मोटार दुरुस्तीवाल्याचं यंत्र बंद होतं. यवतमाळला पाठवली. ती एकवीस दिवसांनी परत आली. नलू सतराव्या दिवशी गेली. अंथरुणावर तिला रेडिओशिवाय दुसरी करमणूक नव्हती. शेवटचे सतरा दिवस तो बंद होता, ही चूक माझी आहे.

विज्ञानाचे मास्तर खेमसिंग राठोड यांनी एक उपाय सांगितला. बरणीत टाकणखाराचं पाणी, त्यात एक अॅल्युमिनियमची पट्टी आणि एक शिशाची. वीज सोडली की अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा धरतो. तो वीज एका बाजूने जाऊ देतो, दुसऱ्या बाजूने अडवतो. अशा चार बरण्या एकापुढे एक जोडल्या की घरच्या घरी बॅटरी भरता येते. म्हणजे परत तसं व्हायचं नाही.

१६ जानेवारी

जुन्या टिफिनच्या झाकणातून पट्ट्या कापल्या होत्या. राठोड सर पाहून हसले. "मारोतराव, हे भांड्याचं जर्मन अॅल्युमिनियम आहे. यात नाही नाही ते मिसळलेलं असतं. याच्यावर काय पापुद्रा धरेल? शुद्ध पत्रा आणा."

पत्रेवाल्याकडे शुद्ध पत्र्याचा तुकडा मिळाला. आठ पट्ट्या होतील. त्यांना आम्ही प्लेटा म्हणतो. शिसं जुन्या केबलवरचं आहे.

मामींना सांगितलं की बरण्यांना हात लावायचा नाही, वीज आहे. त्या म्हणाल्या, "लोनच्याच्या बरन्या होत्या माह्या लेकीच्या. आता विजेच्या झाल्या."

२० जानेवारी, शनिवार

शाळा सकाळची होती. दुपारी चार प्लेटा काचकागदाने घासल्या, मधे एक बल्ब जोडून वीज सोडली. बल्ब म्हणजे खूण. पापुद्रा धरला नसेल तोपर्यंत तो लख्ख जळतो, धरत गेला की मंद होतो.

पाच तासांनी थोडा मंद झाला. प्लेटा राखाडी, धुरकट दिसू लागल्या. बरोबर आहे, तोच पापुद्रा. सर म्हणाले होते की पाण्यात तशाच ठेवू नका, काठाशी झिजतात. म्हणून धुऊन मोरीच्या कट्ट्यावर वाळत ठेवल्या.

२१ जानेवारी

सकाळी जोडणी केली. बल्ब पहिल्यासारखा लख्ख. पापुद्रा कुठे गेला कळत नाही. प्लेटा मामींनी ताटवाट्यांबरोबर फळीवर पालथ्या घालून ठेवल्या होत्या. हवेने गेला असेल का?

पण एक आश्चर्य. दुसऱ्यांदा वीज सोडल्यावर बल्ब चाळीस मिनिटांत अर्धा झाला. कालचे पाच तास आणि आजची चाळीस मिनिटं! टाकणखार नवीन घातला होता, त्याचाच गुण असणार. सरांना सांगायचं.

संध्याकाळी मामींनी विचारलं, "भाकर किती टाकू?" रोज विचारतात. मी रोज दोन सांगतो.

२८ जानेवारी

पुन्हा तेच. शनिवारी पापुद्रा उत्तम धरला, धुऊन ठेवला. आज पाहतो तर नाही. टाकणखार बदलून पाहिला, शिसं बदललं. राठोड सरांना विचारलं तर म्हणाले, "घरात कोणी हात लावतं का?"

मी म्हणालो, घरात आहेच कोण?

घरी येताना लक्षात आलं की मामींना मी त्यात धरलंच नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

आज आठ ग्रह एका राशीत आहेत म्हणे. गावात कालपासून होम चालले आहेत, दुकानं निम्मी बंद. शेजारच्या विमलताई मामींना देवळाच्या बाजूला नेण्यासाठी आल्या होत्या. मामी म्हणाल्या, "जग बुडते तं बुडू दे ना बाई. आमचं व्हायचं ते होऊन गेलं."

मग मी मागच्या दाराने आत आलो आणि पाहिलं. मामी मोरीत बसून प्लेटा घासत होत्या. राख लावून, चिंधीने, सगळं अंग लावून. काल सहा तास बसून मी तो पापुद्रा धरवला होता.

मी ओरडलो. नलूवरही मी कधी ओरडलो नव्हतो. मी म्हणालो, "तुम्हाला घासण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही का? दोन आठवडे माझं सगळं घासून टाकलं तुम्ही."

त्यांनी प्लेटा धुतल्या. पदराने हात पुसला. "काळ्या दिसल्या म्हणून घासल्या, बापू," एवढंच म्हणाल्या.

जेवताना आम्ही दोघं बोललो नाही. म्हणजे रोजच्यासारखंच, पण आज ते जाणवलं.

५ फेब्रुवारी

मामींनी पत्र लिहायला सांगितलं. त्यांना लिहिता येत नाही. ढाणकीला त्यांचा मुलगा गोविंदा असतो, त्याला.

त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. "लिवा, का इथं आता माहं काही काम राह्यलं नाई. लेक होती तं लेकीच्या नात्यानं होतो. आता जावयाच्या घरी कोनाच्या नात्यानं राहू? इतवारी येऊन मले घेऊन जाय." मग थांबून म्हणाल्या, "पुढच्या इतवारी नको लिवू. त्याच्या पुढच्या लिवा."

मी तसं लिहिलं. खाली त्यांचा अंगठा घेतला. पत्ता माझ्या अक्षरात आहे. शाळेत जाताना पेटीत टाकलं.

मुलाकडे त्यांना बरं वाटेल. नातवंडं आहेत.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शाळेला सुट्टी घेतली. उरलेल्या चार प्लेटा अगदी मन लावून तयार केल्या. जाडा काचकागद, मग बारीक, मग कापूस. आरशासारख्या झाल्या. वीज सोडली. तीन तास झाले तरी बल्ब कमी होईना. बाहेर काढून पाहिलं तर पापुद्रा ठिकठिकाणी तुटलेला. ओरखड्यांच्या रेषांत धरलेलाच नाही. आणि जिथे जिथे माझी बोटं लागली होती तिथे तिथे बोटांचे ठसे, काळे. माझा अंगठा स्पष्ट ओळखू येत होता.

मग रविवारच्या चार घेतल्या, मामींनी घासलेल्या. फडक्यात तशाच होत्या. घड्याळ लावलं. अडतीस मिनिटांत बल्ब अर्धा. पापुद्रा एकसारखा, कुठे डाग नाही, ठसा नाही.

खिडकी लावून, वरून गोधडी टाकून बरणीत पाहिलं. सर म्हणाले होते ते खरं आहे. प्लेटेवर फिकट उजेड असतो, चांदणं सांडल्यासारखा, आणि बारीक ठिणग्या पळतात. मी बराच वेळ गोधडीखाली होतो. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या असाव्यात. "बापू, बरं आहे ना?" म्हणाल्या. मी आतूनच हो म्हणालो. त्यांना पाहायला बोलवायला हवं होतं, हे आता लिहिताना सुचतं आहे.

टाकणखाराचा गुण नव्हता. पहिल्यापासून त्यांच्या हाताचाच होता. त्याच पापुद्रा पुसत होत्या आणि पुढचा चांगला धरेल अशी प्लेटही त्याच करून ठेवत होत्या.

११ फेब्रुवारी, रविवार

मामींना विचारलं, तुम्ही प्लेटा कशा घासता?

त्यांना वाटलं मी पुन्हा रागावलो. "आता नाई लावत मी हात."

तसं नाही, म्हटलं. मला शिकायचं आहे.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पदर खोचला. चुलीतली राख काढली. "हे पऱ्हाटीची राख. कपाशीच्या काड्याची. लाकडाची नाई चालत, ते खरखरीत राह्यते." राख कापडातून गाळली. थोडी पाण्यात कालवून ठेवली, वरचं निवळलेलं पाणी वेगळं काढलं. त्या पाण्यात प्लेट बुडवली. थोड्या वेळाने तिच्यावर बारीक बुडबुडे आले. "हे पाह्य, आता तेलकटपना सुटून राह्यला. चिंच पितळेले लावाव, जर्मनले राखच." मग ओल्या चिंधीवर गाळलेली राख घेऊन एकाच दिशेने हलकी घासली, आणि भरपूर पाण्याने धुऊन प्लेट काठाला धरून उभी केली.

"काठालाच काहून धरता?" मी विचारलं. त्यांच्या बोलीत विचारलं गेलं.

"बोट उमटते ना."

मी त्यांना पापुद्र्याचं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. "म्हंजे साय," म्हणाल्या. "मंग सांगाव ना, का साय धरून राह्यली म्हणून. सायीले कोनी मोडते काय? तुमी म्हनले वीज आहे. विजेले म्या हात नाई लावला. पन प्लेटा तं भांड्यात पडल्या होत्या."

इतकं घासायला कोणी शिकवलं, विचारलं.

"मायनं. आमच्या गावात आमच्या हातचं पानी कोनी पेत नोतं, तुमाले का सांगाव लागते. माय म्हने, नाई पेलं तं नको पेऊ देऊ. पन रस्त्यानं जानाऱ्यानं आपलं भांडं पाह्यलं तं त्याले त्याचं तोंड दिसलं पायजे. घान आहे म्हनाची त्याची छाती नाई झाली पायजे." हसल्या. "नलू म्हने, माय, आता धम्म घेतला, आता कायले इतकं घासतं? तिले म्हटलं, हाताले कोन सांगेन?"

चार तारखेला मी काय बोललो ते मला आठवलं. माफी मागावी असं वाटलं. मी म्हणालो, "राख चांगली आहे."

पुढे बोलता बोलता म्हणालो की हे सगळं तेव्हा जमलं असतं तर नलूला शेवटी रेडिओ ऐकता आला असता.

मामी प्लेट धुवायच्या थांबल्या. "रेडिओ कोनाले पायजे होता, बापू? तिले तुमी पायजे होते. तुमी बॅटरीपायी मोटार ठेसनावर. रोज जाऊन पाह्यत, आली का, आली का. नलू दाराकडे पाहे."

यावर इथे काही लिहीत नाही.

१४ फेब्रुवारी

मामींनी जेवताना विचारलं, "गोविंदा आलाच नाई तं?"

येईल, म्हणालो. पत्र वेळेवर टाकलं आहे, मिळालं असणार.

"हो," म्हणाल्या. "तुमचं अक्षर चांगलं आहे. मिळालंच असन."

त्यांनी चारही प्लेटा घासून दिल्या. दोन दिवसांत त्यांनी बरीच राख गाळून डब्यात भरली आहे. मी म्हटलं इतकी कशाला. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

गोविंदा दहाच्या मोटारीने आला. चांगला माणूस आहे, मोठ्याने बोलतो. बरण्या पाहून म्हणाला, "भाऊजी, लोनचं कायचं टाकलं? तारांचं?"

मामींची एक ट्रंक आणि एक गाठोडं. नलूचं एक लुगडं त्यांनी मागितलं. मी हवं ते घ्या म्हणालो. त्यांनी जुनं, रोजच्या वापरातलं घेतलं.

निवडणुकीसाठी शाळेतले बाक हलवायचे होते, तरी मी मोटार ठेसनापर्यंत गेलो. गोविंदा ट्रंक टपावर चढवत होता. तिथे मी मामींना म्हणालो, "प्लेटा दर पंधरा दिवसांनी नव्याने घासाव्या लागतात."

"मंग?"

"मग काही नाही. सांगितलं."

गोविंदा वरूनच हसला. "घ्या! माह्या मायले भांडे घासाले ठेवता काय, भाऊजी?"

त्या हसल्या नाहीत. आत बसून खिडकीशी आल्या. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, किंवा मी काही बोलेन असं वाटत होतं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. मी हात जोडले. मोटार वळेपर्यंत त्या बाहेर पाहत होत्या.

त्या आता मुलाकडे आहेत. हे योग्यच झालं.

१९ फेब्रुवारी

भाकरी जमत नाही. भात केला.

२४ फेब्रुवारी, शनिवार

बॅटरी पूर्ण भरली. पाच दिवस रोज सहा तास. पाणी तापू नये म्हणून बरण्या पाण्याच्या परातीत ठेवल्या होत्या. पापुद्रा शेवटपर्यंत टिकला. राठोड सर येऊन पाहून गेले, पाठीवर थाप मारली. "यंदा मुलांना हाच प्रयोग दाखवू. तुम्हीच दाखवा."

ते गेल्यावर रेडिओ लावला. नागपूर लागलं. कापसाचे भाव, मग हवामान, मग कोणी बाई गात होती. आवाज स्वच्छ होता. मी खुर्चीवर बसून ऐकलं. गाणं संपायच्या आधी बंद केला.

घरात कोणी मोठ्याने बोललं तर कसं वाटेल हे पाहावं म्हणून मी एकदा "मामी" अशी हाक मारली. हे लिहायला नको होतं.

१ मार्च

प्लेटांवर पांढरे ठिपके आले, नव्याने घासायची वेळ. मामींनी दाखवल्याप्रमाणे सगळं केलं. त्यांच्या डब्यातली राख, निवळीचं पाणी, बुडबुडे, एका दिशेने चिंधी, काठाला धरून धुणं. वीज सोडली. एकेचाळीस मिनिटं. पापुद्रा एकसारखा, एकही ठसा नाही.

माझ्या हातूनही जमलं. जमलं तेव्हा वाईट वाटलं. असं का व्हावं ते कळत नाही.

मामींनी या प्लेटा एकदा पाहिल्या तर बरं होईल. काही चुकलं असेल तर त्यांनाच कळेल. पुढच्या वेळी पुन्हा घासाव्याच लागणार आहेत, तेव्हा आत्ताच विचारून घेतलेलं बरं. शनिवारची आणि सोमवारची रजा टाकली. हेडमास्तरांना कारण 'प्रयोगाचं काम' असं लिहून दिलं.

४ मार्च, रविवार. ढाणकी.

काल सकाळी निघालो. यवतमाळला मोटार बदलली, पुढे उमरखेडला बदलली. पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. प्लेटा कोऱ्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरल्या होत्या, पिशवीत घासल्या जाऊ नयेत म्हणून.

मामी अंगणात होत्या. मला पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. "काय झालं? तब्येत?"

तब्येत बरी आहे, म्हणालो.

"जेवले काय?"

गोविंदाच्या बायकोने पाणी दिलं, भाकर वाढली. कालच्या दिवशी एवढंच. गोविंदाने निवडणुकीच्या गप्पा मारल्या आणि मी ऐकल्या.

आज सकाळी अंगणात मी फडकं सोडलं. मामींनी प्लेटा एकेक करून काठाला धरून उन्हात वळवून पाहिल्या. फार वेळ पाहिलं. मी म्हणालो, बरोबर आहेत का, काही राहिलं असेल तर सांगा.

"कोनी घासल्या?"

"मी."

"बरोबर घासल्या. म्या घासल्या असत्या तं अशाच झाल्या असत्या." प्लेटा फडक्यात ठेवल्या. "मंग आले कायले?"

गोविंदा दातण करत होता, तो थांबला. त्याची बायको चुलीपाशी होती. मी वाटेत काही ठरवून आलो नव्हतो. प्लेटांचं ठरवलं होतं तेवढं संपलं होतं.

मी म्हणालो, "घरी बोलायला कोणी नाही." आणि म्हणालो, "गेल्या महिन्यात चार तारखेला मी बोललो ते चुकलं. तुम्ही चला."

"कोनाच्या नात्यानं येऊ, बापू?"

"ते मला माहीत नाही."

मामी काही वेळ फडक्याची गाठ मारत बसल्या. ती बसेना, म्हणून सोडून पुन्हा मारली. मग गोविंदाला म्हणाल्या, "ट्रंक काढ रे." आणि माझ्याकडे न पाहता, उठता उठता म्हणाल्या, "हे तिथंच मोटार ठेसनावर बोलले असते, तं दोन मोटारी बदलून एवढ्या दूर याव लागलं असतं काय तुमाले?"

दुपारी एकची मोटार आहे. सध्या त्या आत आहेत.